बोअरच्या जड पाण्यात ओटो

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ सोडा टाकल्याशिवाय शिजत नाही. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढतो आणि गिझरची कॉईल वेळेआधीच बदलावी लागते. लातूरकरांना हे सांगायची गरज नाही. याच पाण्यावर मी काचेच्या टाकीत दक्षिण अमेरिकेतले शेवाळखाऊ मासे पाळते, म्हणून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: हे नाजूक मासे आपल्या पाण्यात जगतात का? जगतात, आणि चांगले जगतात. त्यांना मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि दोष मात्र पाण्याच्या माथी जातो. ते सविस्तर लिहावं म्हणून ही पोस्ट.

आधी मासा कोणता ते सांगते. ओटोसिंक्लस, पाळणाऱ्यांच्या तोंडी नुसता ओटो. लांबी साधारण ३ ते ४.५ सेंटिमीटर, अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या बारीक पट्ट्यांचं चिलखत, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा. तोंड खालच्या बाजूला, चकतीसारखं पसरलेलं. त्या तोंडाने तो काचेला, पानाला चिकटतो आणि बारीक दातांनी थर खरवडून खातो. मूळ घर अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पराग्वे या नद्यांच्या खोऱ्यांत. एडवर्ड कोपने १८७१ साली ही प्रजात शास्त्रात नोंदवली. बाजारात येणारे बहुतेक ओटो आजही नदीतून पकडलेले असतात, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला हीच माहिती सगळ्यात उपयोगी पडते.

दुकानात नुसतं 'सकर द्या' म्हणालात तर ओटो मिळणार नाही. बोटाएवढं, ठिपक्याठिपक्यांचं एक पिल्लू पिशवीत बांधून देतील. ते टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे मोठा सकर. तो फूटभर, कधी त्याहून मोठा होतो, आणि तीन फुटी टाकीत तो मोठा करणं हा त्या जिवावर अन्याय आहे. मग लोक त्याला तळ्यात नेऊन सोडतात. पश्चिम बंगाल, आंध्र, तमिळनाडू, केरळ इथल्या पाणवठ्यांत हा मासा असाच पसरला; तो बांधांत बिळं करतो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. मांजरा नदीत किंवा गावच्या पाझर तलावात हा मासा कुणीही सोडू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. नको झाला तर दुकानदाराला परत द्या.

लहान टाकीसाठी दोनच नावं लक्षात ठेवा: ओटो आणि ब्रिसलनोज. ब्रिसलनोजबद्दल पुढे लिहिते.

आता पाणी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे घरच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते, मी अंदाजाने सांगत नाही. शंकुपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचं, अमोनियाचं बफर घालायचं, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक टाकायचा. पाणी लालसर जांभळं होतं, द्राक्षाच्या रसाच्या रंगाचं. मग ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं रसायन, थेंबाथेंबाने सोडत पात्र हलवत राहायचं. बराच वेळ काही घडत नाही. मग लाल रंग फिका पडून जांभळट होतो, आणि एका थेंबाला सगळं पात्र स्वच्छ निळं होतं. तिथे थांबायचं. आमच्या बोअरला हा निळा रंग साडेएकवीस मिलिलिटरच्या आसपास येतो, म्हणजे लिटरमागे साधारण ४३० मिलिग्रॅम कठीणता. मासे पाळणारे ती जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, तेव्हा आमचं पाणी २४ अंशांचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. दुकानात मिळणारं थेंबांचं टेस्ट किट याच रंगबदलाच्या तत्त्वावर चालतं, म्हणून घरी तेवढं किट पुरतं.

टीडीएस मीटरवर मात्र सगळा भरवसा ठेवू नका. त्याला पाण्यातले सगळे क्षार एकत्र दिसतात. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला सांगता येत नाही. घराला वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, भांडी चकचकीत होतात, पण क्षारांचा एकूण भार तेवढाच राहतो. असं पाणी ओटोसाठी वापरायचं कारण नाही.

ओटोला मऊ ते मध्यम पाणी मानवतं, साधारण १५ अंशांपर्यंत. आमचं २४. म्हणून मी बोअरचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं करते. ते साडेबारा अंशांच्या आसपास येतं. नुसतं आरओचं पाणी कधीच घालत नाही. त्यात पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचा आकडा) धरून ठेवणारे कार्बोनेट जवळपास नसतात, त्यामुळे टाकीत आम्ल साठत गेलं की पीएच एकदम कोसळतो. आपल्या जड पाण्याचं मोठं बळ इथेच आहे. त्यात कार्बोनेट भरपूर, म्हणून पीएच हलत नाही, आणि फिल्टरमधल्या ज्या जिवाणूंवर सगळी टाकी चालते त्यांनाही ते हवंच असतं. घरचा आरओ असेल तर त्याच्या वेस्ट नळीचं पाणी टाकीत घालू नका. ते मूळ बोअरपेक्षाही जड असतं. आमच्याकडे ते फरशी पुसायला आणि संडासच्या बादलीत जातं. प्लांटवरून वीस लिटरचा जार आणत असाल तर तो थंडगार येतो; तो रात्रभर उघडा ठेवून घरातल्या तापमानाला येऊ द्या, मगच मिसळा.

पीएच कमी करायची बाटली विकत घेऊ नका. जड पाण्यात ते आम्ल टाकलं की आकडा तेवढ्यापुरता खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिथल्या तिथे. कार्बोनेट त्याला परत वर ओढतात. मग माणूस आणखी टाकतो. अशा वरखालीत मासा दमतो. पीएच ८ आहे तर ८ असू द्या. तो रोज ८ च राहिला तर ओटो त्याला सरावतो.

हे सगळं करूनही लोकांचे ओटो आठवड्याभरात जातात, आणि मग 'आपल्या पाण्यात मासे मरायलेत' असा निरोप येतो. मी पहिला प्रश्न विचारते, पोट पाहिलं होतं का? नदीत जाळ्यात सापडल्यापासून लातूरच्या दुकानाच्या काचेपर्यंत ओटोचा प्रवास फार लांबचा. निर्यातदार, विमान, मोठ्या शहरातला होलसेलवाला, मग आपलं दुकान. या वाटेवर त्याला खायला जवळपास काही मिळत नाही, कारण तो दिवसभर थोडं थोडं खरवडून खाणारा प्राणी आणि दुकानाच्या टाक्या स्वच्छ पुसलेल्या. म्हणून दुकानात मासा काचेला चिकटलेला असताना समोरून त्याचं पोट बघायचं. काचेतून त्याची पांढरी बाजू सरळ दिसते. पोट गोलसर, थोडं फुगीर असेल तर घ्या. पोट खपाटीला लागलं असेल, बरगड्यांच्या मागे खळगा दिसत असेल, तर दया येऊनही घेऊ नका. त्या अवस्थेतून मासे सहसा परत येत नाहीत. दुकानदाराला सांगावं, 'दादा, माल आला की आठ-दहा दिवस तुमच्याकडेच ठेवा, मी ॲडव्हान्स देते.' तेवढ्या दिवसांत जे टिकतात, खातात, तेच घरी आणावेत. एकटा-दुकटा आणू नये, सहाचा तरी घोळका हवा. एकटा ओटो पानामागे दडून राहतो. घोळका असला की दिवसाउजेडी काचेवर निवांत चरतो.

दुसरं कारण अमोनिया. नवी टाकी, आठवड्यापूर्वी भरलेली, काचेवर तपकिरी थर दिसला म्हणून लगेच ओटो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या फिल्टरमध्ये अजून रुजलेलेच नसतात. इथे जड पाणी खरंच आड येतं. पाण्यातल्या अमोनियाचा किती भाग विषारी रूपात राहील हे पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर अर्धा टक्का, ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. पीएच एकाने वाढला की विष दहापट. पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात जेवढी ढिलाई खपून जाते तेवढी आपल्याकडे खपत नाही. टाकी चालू करून तीन-चार महिने जाऊ द्या, साधे काटक मासे, झाडं, बारीक शेवाळ सगळं रुळू द्या, अमोनियाची आणि नायट्राइटची तपासणी शून्य दाखवू द्या. ओटो शेवटी आणायचा मासा आहे.

तिसरं कारण एकदम झालेला बदल. दुकानाचं पाणी मऊ, घरचं जड, आणि पिशवी कापून मासे धाडकन टाकीत. शरीरातले क्षार आणि बाहेरचे क्षार यांचा मेळ बसवायला माशाला वेळ लागतो. गावातल्याच दुकानातून आणलेले मासे मी बादलीत काढते आणि एअर पंपच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब असं सोडते. दोन तास. बादलीवर ओला टॉवेल, खोलीत अंधार. पार्सलने दूरवरून आलेल्या पिशवीला मात्र हा उपाय लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात पडून असतो. पिशवी उघडली आणि वरून आपलं ८ पीएचचं पाणी ठिबकू लागलं की तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी आधीच तयार ठेवलेल्या, मऊ पाण्याच्या वेगळ्या टाकीत मासे लगेच काढावेत, आणि तिथलं पाणी पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू घरच्या पाण्याकडे न्यावं.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याची गोष्ट, जी बाहेरच्या माहितीत कुठेच नीट सापडत नाही. मे महिन्यात घरात कूलर, बाहेर बेचाळीस, आणि टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली. उडतं ते शुद्ध पाणी. क्षार सगळे मागेच राहतात. आमटी आटली की खारट होते, तसंच. त्यात रोज बोअरचं पाणी घालून पातळी भरत राहिलात तर उन्हाळा संपेपर्यंत २४ अंशांची टाकी ३५-४० ला जाऊन बसते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी तसंच नितळ. म्हणून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने घालायची, आणि थोडं पाणी काढून बदलायचं तेव्हाच बोअरचं मिश्रण वापरायचं. ही दोन कामं वेगळी आहेत. आमच्या घरी ती दोन वेगळ्या रंगांच्या बादल्यांनी होतात, म्हणजे मी घरी नसताना मुलगाही गोंधळत नाही.

ऊन वाढलं की पाण्यातला ऑक्सिजनही घटतो. ओटो मधूनच सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. त्याचं अन्ननलिकेचं शेवटचं टोक हवा साठवून श्वास घ्यायला बनलेलं आहे. एखाद-दुसऱ्या वेळी दिसलं तर काळजी नको. सगळेच सारखे वर जायला लागले तर एअर पंप वाढवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. पंख्याने पाण्याचं तापमान दोन-तीन अंश उतरतं. पाणी उडतंही जास्त, म्हणून आरओची बादली हाताशी.

दगड-लाकडाबद्दल. आपला काळा दगड, बेसाल्ट, टाकीत चालतो, पण त्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा असतात आणि त्यांतल्या काही कॅल्साइटच्या असतात. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरट खडे तर सरळ पाणी जड करतात. दगडावर लिंबू पिळा. फसफसला तर तो कुंडीत ठेवा, टाकीत नको. शाळा-कॉलेजांच्या आवारात जो मोठ्या पानांचा बदाम असतो त्याची गळून पडलेली, लाल-तपकिरी वाळकी पानं धुऊन टाकीत सोडा. त्याने जड पाण्याचा पीएच फारसा उतरत नाही. फायदा वेगळा आहे. पान कुजायला लागलं की त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि ओटो त्या पानावर तासन्‌तास बसतात. पानाची शेवटी नुसती शिरांची जाळी उरते.

ओटो काय खातो आणि काय नाही, यावर बरेच गैरसमज आहेत. काचेवरचा तपकिरी थर आणि मऊ हिरवं शेवाळ तो आवडीने खातो. काचेवर टणक हिरवे ठिपके बसतात त्यांना तो हात लावत नाही, पानांच्या कडेला येणारं काळं केसाळ शेवाळही खात नाही. आणि सहा ओटो लहान टाकीचं शेवाळ काही दिवसांत संपवतात. खरी काळजी तिथून सुरू होते. माझा उपाय गच्चीवर आहे. एका जुन्या टपात टाकीतूनच काढलेलं पाणी भरून त्यात गुळगुळीत काळे दगड ठेवते. लातूरच्या उन्हात त्यांवर हिरवा थर चढतो. मग ते दगड आलटून पालटून खाली टाकीत. हिरवागार दगड आत ठेवला की पहिला ओटो येऊन बसतो, मागोमाग बाकीचे, आणि रात्रीपर्यंत दगडावर चरण्याच्या वाटा उमटतात, मूळ काळा रंग दाखवणाऱ्या. टपावर जाळी बांधलेली असते, नाहीतर डासांचं घर होईल. जोडीला दुधी किंवा काकडीची चकती गरम पाण्यात मिनिटभर बुडवून देते. साल काढून, कारण फवारणी सालीवरच बसते. उरलेली फोड दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायची, पाणी नासतं.

ज्यांच्याकडे आरओ नाही, किंवा माशांसाठी ते पाणी वापरायला मन होत नाही, त्यांनी सरळ ब्रिसलनोज पाळावा. शास्त्रीय नाव अ‍ॅन्सिस्ट्रस. चार-पाच इंचांचा होतो, घरोघरी पिल्लं निघतात, म्हणून दुकानातला मासा टाकीतच जन्मलेला, जड पाण्याला सरावलेला. माझ्या दुसऱ्या टाकीत नुसतं बोअरचं पाणी आहे, २४ अंशांचं, आणि तिथे त्यांचा संसार फुलला आहे. नराच्या नाकाडावर फांद्यांसारखे मांसल काटे येतात, मादीला नसतात किंवा कडेला बारीकसे. टाकीत लाकडाचा ओंडका हवाच, हे मासे तो खरवडत असतात. घरासाठी मी संक्रांतीचं बिनरंगाचं सुगड आडवं ठेवलं. नराने त्याचा ताबा घेतला, मादीला आत बोलावलं आणि केशरी अंड्यांचा घोस आतल्या भिंतीला चिकटला. नंतर मादीला काही काम नसतं. नर तोंडाशी बसून पंखांनी सारखं पाणी ढवळत राहतो, अंड्यांना हवा मिळावी म्हणून. जेवायलाही बाहेर पडत नाही. टॉर्च मारली तर मागे सरकून अंगाने अंडी झाकतो. साधारण पाच दिवसांनी पिल्लं निघतात, पोटाला पिवळी पिशवी घेऊन, आणि ती संपेपर्यंत बाप त्यांना सुगडातच दाबून ठेवतो. एक पिल्लू बाहेर पडायला बघतं आणि हा त्याला कल्ल्याने मागे लोटतो. हे बघायला आमच्या गल्लीतली लहान पोरं स्टूल ओढून बसतात.

पाण्याच्या गावात राहून पाण्याचं बोलायलाच हवं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वॅगनमधून पाच लाख लिटर. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, 'माणसाला पाणी न्हाई, आन् तू माशाला कुठून आणायलीस?' त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मी तो अजूनही धरून चालते. म्हणून टाकीतून काढलेलं पाणी एक थेंबही मोरीत जात नाही. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच. आमचा कढीपत्ता, मोगरा आणि दारचा शेवगा त्या पाण्यावर आहेत. टाकीत मनी प्लांटच्या मुळ्या सोडल्या आहेत, त्या नायट्रेट ओढून घेतात आणि पाणी बदलायची पाळी लांबते. बोअरच्या पाण्यातच आधी नायट्रेट किती आहे तेही तपासून घ्या. खतांमुळे आणि सांडपाण्यामुळे आपल्या भागात ते बऱ्याच ठिकाणी जास्त सापडतं, आणि ते जास्त असेल तर नुसतं बोअरचं पाणी बदलत राहून ते उतरणार नाही. तिथे आरओ किंवा पावसाचं पाणीच लागेल.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरची, गच्चीवरची धूळ धुऊन जाऊ द्यायचे. नंतरचं पाणी सुती कापडातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये, सावलीत. त्याची कठीणता जवळपास शून्य असते, तेव्हा प्रमाण आरओसारखंच, निम्मं निम्मं. ड्रमचं झाकण घट्ट हवं आणि मिसळण्याआधी तासभर एअर पंपचा दगड सोडून पाणी ताजं करून घ्यावं. पत्र्याला नवा रंग दिला असेल किंवा गच्चीवर नुकतंच वॉटरप्रूफिंग केलं असेल तर त्या वर्षी ते पाणी माशांना देऊ नका; झाडांना घाला आणि टाकीसाठी आरओच वापरा.